डावा मोजा

चर्चमागच्या खोलीच्या दाराशी कुणीतरी गमबूट काढले आणि आयसलाची नजर सुयांवरून घसरली ती थेट एका अंगठ्यावर. फाटक्या उजव्या मोज्यातून तो थंडीनं निळा पडून डोकावत होता.

“नोला मावशी, तुझी कालवं!” समुद्रानं भिजलेला तमाती विणकाम शिकवणाऱ्या नोलापुढे बादली टेकवत म्हणाला.

आयसलाला हसू आवरेना.

“हसतेस काय? विणून दे की!”

“मला अजून टाचसुद्धा वळवता येत नाही…”

“मला तरी कुठे सरळ चालता येतं?” डोळा मिचकावून तो गेला.

ईस्टरआधीच्या उपवासांत आयसलानं व्रत धरलं होतं. सकाळची प्रार्थना झाली की आधी विणकाम, मग चहा. आता त्या प्रार्थनेत एक नाव आपसूक येऊ लागलं.

ब्लफ बंदराच्या धक्क्यावर बोट लागली, की तमाती काहीतरी निमित्त काढून यायचाच.

“झाला का माझा मोजा?”

“एक टाका सुटला होता. उसवला.”

“परत? अगं, बुटात कोण बघतंय?”

“मला माहीत असतं ना!”

“चूक दिसली की उसवते ही पोरगी,” नोला मावशी सुस्कारली. “अशानं त्याचे पाय म्हातारे व्हायचे.”

ईस्टर सरला, दक्षिणेकडच्या या मुलखात शरद लागला. टीटी नावाचे समुद्रपक्षी धरायला तमातीचं अख्खं घराणं दक्षिणेच्या बेटावर जायला निघालं.

“तिथे बाहेरच्यांना मज्जाव असतो,” धक्क्यावर शेजारी बसून तो म्हणाला. “फक्त हक्काच्या घराण्यांतली घरची माणसं.”

“मग मला कशाला सांगतोस?”

“घरची हो म्हणून…”

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले. ते मागे सारायचंही तिला सुचलं नाही.

“थांब. आधी हे बघ.” त्यानं डावा बूट काढला, मोजा काढला. अंगठा आणि त्याशेजारचं बोट, दोन्ही नव्हती. “जाळ्याच्या दोरात गेली.”

“त्यात काय एवढं!” ती लगेच म्हणाली. पण त्याआधी तिची नजर पायावरून उडून पाण्यावर गेली होती… आणि ते त्यानं पाहिलं होतं.

निघायच्या सकाळी तिनं मोजे त्याच्या हातात ठेवले. टाच सुबक, टाका न् टाका सारखा. त्यानं तिथेच ते घातले. डाव्या मोज्याचं टोक रिकामं लोंबत राहिलं.

“सुंदर विणलेस. पण हा कुणाच्या पायाचा?”

“जोडी… सारखी दिसायला हवी ना?”

त्यानं ते रिकामं टोक चिमटीत धरलं. मग मोजे काढून, नीट घडी करून त्यानं तिच्या मांडीवर ठेवले.

“मला मोज्यासारखं उसवून नीट करता येणार नाही, आयसला.”

बोट दिसेनाशी झाली तरी ती तिथेच बसून होती. घरी येऊन तिनं डावा मोजा उसवला आणि पुन्हा विणला… बोटांपाशी आखूड. टाचेजवळ एक टाका चुकला. हात शिवशिवले, पण तिनं तो तसाच राहू दिला. रोज प्रार्थनेनंतर ती एकच मागायची, त्याच्या पायात तो घालायला मिळू दे.

हिवाळ्यात बोटी परतल्या. चर्चमागच्या खोलीच्या दाराशी गमबूट निघाले. त्यांच्या शेजारी आणखी एक जोड निघाला, लहान.

“ही मेरेआना,” तमाती म्हणाला. “बेटावर शेजारच्या घराण्याच्या झोपडीत होती. आता… घरचीच.”

त्याच्या पायांत जाडेभरडे मोजे होते. डावा आखूड, टाच एकीकडे वाकलेली.

“मीच विणलेत,” मेरेआना लाजून हसली. “वाकडे झालेत गं!”

“छान बसलेत,” आयसला म्हणाली. पिशवीत गेलेला तिचा हात रिकामाच बाहेर आला.

घरी तिनं चूल पेटवली, प्रार्थना म्हटली आणि ती जोडी स्वतःच्या पायांत चढवली. डाव्यात बोटं चेंगरली, दुखू लागली.

तिनं तो काढला नाही. उसवलाही नाही.