डावा स्पीकर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय.

रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. रविवारची दुपार, तीनचा सुमार. मामाची दुरुस्तीची खोली.

मामा जुने रेडिओ, स्पीकर दुरुस्त करतो. हातात जादू, पण डोकं भडकू. आणि सगळा राग एकाच माणसावर... थोरल्या भावावर. त्याच्या दादावर.

आजोबांची स्पीकरची एक जोडी होती, कमरेएवढी उंच, लाकडी. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा या दोन शहाण्यांनी ती जोडीसुद्धा फोडली! उजवा दादाला, डावा मामाला. वर्षानुवर्षं दोघांनी अर्धीअर्धी गाणी ऐकली, पण माघार कुणी घेतली नाही.

आजोबा दादाकडे राहायचे. ते गेले, ते मामाला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही परक्याकडून.

"त्या दुपारी दहा वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस," दादा म्हणाला.

"खोटारडा! फोन वाजलाच नाही!" मामा ओरडला.

तेच शेवटचं बोलणं. त्याला चौदा वर्षं झाली.

यंदा दादा वारला. मामा तोंड बघायलाही गेला नाही. महिन्याभराने दादाच्या घरून उजवा स्पीकर आला. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

मामाने दातओठ खात तो उघडला. आतल्या कागदी पडद्याच्या कडेचा फोम हात लावताच भुगा झाला. नवा चिकटवला. आतले कपॅसिटर बदलले. आपल्या डाव्याचंही तेच केलं. दोन्ही शेजारी ठेवून गाणं लावलं.

गाण्याच्या मागे काहीतरी वाजत होतं...

बारीक. थांबून थांबून.

"मेल्यावरही बिघाडच पाठवलास ना, दादा!"

त्याने उजव्याला कान लावला. स्वच्छ.

डाव्याला लावला...

आवाज तिथे होता.

अशा वेळी वायरींची अदलाबदल करायची. आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा. तिथेच राहिला, तर दोष त्या स्पीकरचा.

मामाने वायरी बदलल्या. आवाज डाव्यातच.

चिडून त्याने सगळ्या वायरी उपटल्या. गाणं बंद पडलं.

तो आवाज मात्र थांबला नाही...

मामी दारात आली. "अहो, फोन वाजतोय."

"कुठला फोन?"

"आपला जुना. घंटीनंतर खर्र करायचा तो."

तो फोन भंगारात देऊन सहा वर्षं झाली होती.

डाव्या स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग माणसाचा. मामाचाच. चौदा वर्षांनी तरुण, तसाच चिडका...

"वाजू दे. दादाच असणार."

घंटी थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली...

"गप बस!" मामाने पक्कड भिंतीवर भिरकावली.

मामी तोंडातल्या तोंडात मोजत होती. दहाव्यांदा फोन वाजून थांबला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, वाजलाच नाही."

मामा खाली फरशीवर बसला.

खरं सांगू? मामीने हे सांगितलं, तेव्हा भीती मला नंतर वाटली. आधी मामाचा संताप आला. खरं बोलणाऱ्या माणसाला चौदा वर्षं खोटारडा म्हणत राहिला! आता माफी मागायची तर कुणाची?

जोडी त्याने माझ्याकडे आणून टाकली. "फोडू नकोस," एवढंच बोलला. मी तिला वायर लावलेली नाही. लावणारही नाही.

परवा दुपारी ताईचा फोन आला. सहा महिने आमचं बोलणं बंद आहे, आणि चूक तिचीच आहे. नवऱ्याने विचारलं, "उचलत का नाहीस?"

"वाजू दे," मी म्हणाले.

कोपऱ्यात डाव्या स्पीकरचा कागदी पडदा...

हळूच आत ओढला गेला. कुणीतरी श्वास घेतल्यासारखा.

तेव्हापासून मीच ताईला फोन लावतेय. तिकडे घंटी जाते...

ती उचलत नाहीये.