भीमाबाईंच्या भिंतीवरची होडी

कुमुदताईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे दिशा चुकलेली त्यांना खपत नसे. निवृत्तीनंतर विचुंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये नुसतं बसून राहणं काही जमेना, म्हणून गव्हाणजवळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्याचा इतिहास लिहायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. स्कूटर काढायची, कोळीवाडा गाठायचा, बोंबलाचं कालवण ओरपत म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. इतकं सुख त्यांना नोकरीतही मिळालं नव्हतं.

घोडं अडलं ते एकाच पानावर. चाळीस वर्षांपूर्वी प्रभाकर नावाचा चित्रकार भीमाबाईंच्या पडवीत राहायचा. त्यानं त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर कपड्यांची नीळ कालवून समुद्र रंगवला. त्यात भीमाबाईंच्या नवऱ्याची, दादूची होडी काढली, कमरेला लाल रुमाल गुंडाळलेला दादूही काढला. इथं भिंतीवर होडी काढायची ती दाराकडे तोंड करून, घरी येणारी. या शहाण्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड खाडीकडे केलं. पंधरवड्यात दादू होडीसकट नाहीसा झाला. प्रभाकर भीमाबाईंपुढे हात जोडून "मी फिरवीन ती" एवढंच म्हणाला आणि निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

'दादू समुद्रात बुडाला,' असं कुमुदताईंनी लिहिलं आणि जूनमध्ये भीमाबाईंना वाचून दाखवलं.

"बुडाला नको लिवू, बाय," भीमाबाई कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या. "मालक अजून आले नाय, येवढाच लिव."

"अहो, चाळीस वर्षं झाली!"

"मंग नारली पुनवेपर्यंत थांब. होडी फिरते हाय."

कुमुदताईंना हसू आलं. म्हातारीचा जीव कशात तरी गुंतलाय, गुंतू दे बापडा. त्यांनी भिंतीचा फोटो घेतला आणि घरी आल्या.

जुलैत पुन्हा गेल्या तेव्हा होडीचं तोंड समोर होतं, सरळ त्यांच्याकडे.

त्यांनी फोन काढून जूनचा फोटो पाहिला. त्यात भिंतीचा तडा होडीच्या मधून गेला होता. आता होडी त्या तड्यापासून हातभर बाजूला होती. रंग जुनाच, पोपडे धरलेला. बोट लावलं तर कोरडा. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं स्वतःला बजावून त्या निघाल्या, पण पुस्तक छापायला दिलं नाही.

नारळी पौर्णिमेला दुपारी त्या आल्या. काठावर सोन्याचा नारळ मिरवत होते, बँड वाजत होता.

भीमाबाई दारात बसल्या होत्या. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांनी अबोलीची वेणी माळली होती.

ओट्यावर दोन ताटं घासून पालथी घातली होती.

भिंतीवरची होडी दाराच्या चौकटीला टेकली होती. तोंड दाराकडे. होडीत आता कुणी नव्हतं.

"हलू बोल, बाय," भीमाबाई लाजून म्हणाल्या. "जेवून आत्ताच पडलेत."

आतून घोरण्याचा आवाज येत होता, पोटभर जेवलेल्या माणसाचा. कुमुदताईंना भीती वाटायला हवी होती, पण भीमाबाईंचा चेहरा बघून ती वाटली नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि दादू बुडाल्याचं ते वाक्य खोडलं.

निघताना त्यांचं लक्ष कपड्यांच्या वलणीकडे गेलं. तिथे लाल रुमाल वाळत होता. त्यातून ठिबकणारं पाणी निळं होतं.

लाल कपड्याला कुणी नीळ देत नाही.