निघताना ‘जाते’ म्हणू नये

खाडीकाठच्या चिखलाळ खाजणातल्या सहकुटुंब निसर्गफेरीला परवानगी मिळाली की डॉ. श्रीरंग वर्तकांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: फेरीच्या कमानीवर नाव, संस्थेचं संचालकपद आणि परीक्षक कालिंदी म्हात्रे यांचं उतरलेलं तोंड. तिसरीवर त्यांचा जीव जास्त होता.

“माझ्या दृढपंकाचं तत्त्व सोपं आहे,” ते म्हणाले. “चिखलातल्या जिवाणूंना सौम्य वीज दिली की ते मातीचे कण घट्ट बांधतात. दाराशी प्रत्येकाचा आवाज नोंदवायचा. ज्याचा आवाज, त्याच्या पायाखाली वाट. त्यानं निरोप घेतला की पुन्हा चिखल.”

“काल चाचणीत कुठे झाला चिखल?” कालिंदीबाईंनी विचारलं. “आमच्या सासूबाई फेरी मारून घरी पोचल्या, झोपल्यासुद्धा, वाट आपली दगड. सकाळी उकरली तर खाली बिळांतले खेकडे, साठ चिंबोऱ्या गुदमरून मेलेल्या.”

“त्यांनी ‘जाते’ म्हणायला हवं होतं. पाटी वाचली नाही?”

“वाचली. पण निघताना ‘जाते’ कोण म्हणतं, डॉक्टर? तिरडीवरचा माणूस जातो. त्या ‘येते हं’ म्हणाल्या. तुमच्याकडे काय म्हणतात?”

वर्तकांकडेही तेच म्हणत. पण परीक्षकासमोर ते कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “दुरुस्ती झालीय. आता ‘येतो’, ‘येते’ म्हणजे निरोपच.”

“आणि निरोप ऐकणारे यंत्राचे कान फक्त दाराशीच ना?”

“बाहेर पडायच्या वाटा चार आहेत, बाई. म्हणून श्रवणतंतू सगळ्या खाजणभर पसरलेत. बघाच आता.”

आवाज नोंदवून वर्तक एकटेच निघाले. पाऊल टेकण्याआधीच चिखल घट्ट होत होता. मधोमध पोचल्यावर त्यांनी वळून विजयी रुमाल हलवला.

“डॉक्टर!” कालिंदीबाई ओरडल्या. “भरती लागलीय! परत फिरा!”

“येतो हो, येतो!”

यंत्रणेत खोट नव्हती. तिनं निरोप ऐकला, वीज तोडली, आणि डॉक्टर कमरेपर्यंत खाजणात बसले. कितीही ओरडले तरी त्या आवाजाची नोंद मिटली होती. नवी फक्त दाराशी होत असे.

शेवटी सासूबाईच होडीची फळी चिखलावरून सरकवत गेल्या. पाणी वर्तकांच्या छातीला लागलं होतं.

“हात द्या,” त्या म्हणाल्या. “आता मात्र ‘जातो’ म्हणालात तर शोभेल.”

वर्तकांचे बूट गेले, चष्मा गेला, त्यांच्यामागोमाग संचालकपदही. कालिंदीबाईंचं तोंड काही उतरलं नाही. चिंबोऱ्या मात्र साठ गेल्या, कुणाला ‘येतो’ न म्हणता.