बिशेन्तेचा डावा हात

गेल्या वर्षी सफरचंदं उदंड आली होती. ती ठेचून, रस काढून पिंपं भरेपर्यंत ऑक्टोबर सरत आला. कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारपासूनच धुकं उतरलं आणि आमच्या दारासमोरचा उतार दिसेनासा झाला. मी चुलीपाशी बसून अक्रोड फोडत होते. मदतीला आलेली माणसं खाली घाणा धूत होती. घरभर आंबूस-गोड वास कोंडला होता.

रस काढून झाला, की आमच्याकडे चालापार्ता वाजवतात. दोन टोपल्या पालथ्या घालायच्या, त्यांवर मक्याचा वाळका पाला आणि त्यावर घाण्याची जाड फळी. दोघांनी शेजारी-शेजारी उभं राहून दांडक्यांनी ती ठोकायची. एकाने ठोके मारून मध्ये जागा सोडायची, दुसऱ्याने ती भरायची. पलीकडच्या डोंगरावर आवाज गेला की तिथल्यांना कळतं, काम आटोपलं, जेवायला चला. आमच्या भागात हे नीट येणारे दोघंच उरले होते, माझा नवरा पाचिको आणि त्याचा थोरला भाऊ बिशेन्ते.

पण जूनमध्ये बिशेन्तेभावोजींचं डावं अंग लुळं पडलं. तेव्हापासून ते स्वयंपाकघरावरच्या खोलीत पडून होते.

"यंदा राहू दे," पाचिको म्हणाला.

"राहू दे कसं?" शेजारचा सेलेदोन म्हणाला. "माझी बायको तिकडे कान लावून बसलीय. आवाज आला नाही तर तिला वाटेल, मी पिऊन पडलो."

"पडतोसच की."

"ते आवाज झाल्यावर."

सगळे हसले. पाचिकोही हसला, आणि दोन-चार ठोके तरी मारावेत म्हणून अंगणात गेला. मी दारात उभी राहिले. तो ठोके मारी आणि सवयीने जागा सोडी. ती जागा रिकामी जाताना ऐकवत नव्हतं. भरल्या ताटावरून कुणी उठून जावं, तसं वाटत होतं.

मग कुणीतरी ती भरली.

पाचिकोचे दोन ठोके, मग दुसरे दोन, अगदी ठिकाणावर. आवाज वरून आल्यासारखा वाटला. सेलेदोनने टोपी काढून हातात घेतली. "थोरला..." तो हळूच म्हणाला. "पलंगावर वाजवतोय." माझे डोळे भरून आले. रसाचा पेला घेऊन मी जिना चढले.

भावोजी उताणे पडले होते. उजव्या हाताने त्यांनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घट्ट धरली होती. डावा हात बाजूला पडला होता, ओल्या फडक्यासारखा. ठोके चालूच होते, पण इथे ते खालून येत होते.

"छान वाजवताय, भावोजी," मी म्हणाले. काय बोलते आहे ते मला कळत होतं, तरी म्हणाले.

"मी नाही वाजवत. मला वाटलं, सेलेदोन शिकला."

"त्याच्या हातात तर टोपी आहे..."

त्यांनी ठोक्यांकडे कान लावला. मग त्यांचा चेहरा उतरला. "पाचिकोला सांग, जागा सोडू नको. तो सोडतो तेवढं ते जवळ येतंय. ऐकतेस ना?"

मी धावत खाली आले. पाचिको घामाने थबथबला होता. ठोके आता भराभर पडत होते, आणि पुढे कोण आहे, मागे कोण, ते समजत नव्हतं.

"थांब," मी म्हणाले.

"थांबता येत नाही, काशिल्दा." त्याने मान वर केली नाही. "मी थांबलो, की सगळी जागाच मोकळी..."

सेलेदोनने मागून त्याला कवळ घातली. बैल धरणारा गडी तो, पण पाचिकोच्या खांद्याच्या एका झटक्याने पाल्यात जाऊन पडला. दांडक्यांवर रक्त दिसू लागलं. आणि त्याच वेळी धुक्यातून कंदील यायला लागले. पोरंबाळं, पावाच्या टोपल्या, हसणं, आरोळ्या. आवाज ऐकून शेजारी जेवायला आले होते.

"त्याला थांबवा हो," मी एकेकाला सांगत सुटले. म्हातारी एर्रोसे माझा हात थोपटत म्हणाली, "वाजवू दे गं. भावाचं दुःख आहे, असंच बाहेर पडायचं." लोक टाळ्या वाजवत होते. पाचिकोचे ओठ निळे पडले होते.

वरून भावोजींची हाक आली. "मला खाली न्या."

सेलेदोनने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. फळीपाशी ठेवलं. त्यांनी उजव्या हातात दांडकं घेतलं आणि भावाकडे पाहिलं. "पाचिको, मी आलोय. मला जागा दे."

आणि ते वाजवू लागले. एकाच हाताने होत होतं तेवढं. पाचिकोचा श्वास जरा खाली बसला. त्याने सोडलेली अर्धी जागा भावोजी भरत होते, उरलेली अर्धी अजून ते दुसरं भरत होतं. भावोजींच्या कपाळाची शीर फुगली, तरी त्याहून जास्त त्यांना जमेना.

मग त्यांचा डावा हात उठला.

आधी बोटं हलली, मग मनगट वळलं, आणि त्या हाताने दुसरं दांडकं उचललं. एर्रोसे गुडघ्यांवर बसली. "हात आला," कुणीतरी रडत म्हणालं. पाचिकोच्या हातांतली दांडकी गळाली आणि तो जागीच कोसळला. उजवा हात थांबला. डाव्याने एकट्याने सावकाश आणखी दोन ठोके मारले आणि दांडकं फळीवर नीट आडवं ठेवलं.

लोक भावोजींच्या गळ्यात पडत होते. त्या गलक्यात ते माझ्याकडे पाहत होते. मी जवळ वाकले.

"काशिल्दा," ते म्हणाले, "हा मी नाही."

डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं. पाद्रीबुवांनी रविवारी देवळात सर्वांसमोर आभार मानले. आम्ही तिघं पहिल्या बाकावर बसलो होतो. काय बोलणार, आणि कुणाशी? भावोजी आता पाय ओढत का होईना, चालतात. हात चांगला आहे. गवत कापतो, धारा काढतो, गाईसुद्धा त्याला बुजत नाहीत. भावोजी मात्र जेवतात उजव्यानेच. झोपताना डावा हात पलंगाला बांधायला पाचिकोला सांगतात. सकाळी दोरी सुटलेली असते, आणि नीट गुंडाळून उशीशी ठेवलेली असते.

हिवाळ्यात एकदा त्यांनी पाचिकोला कुऱ्हाड आणायला सांगितलं. हात ओंडक्यावर ठेवला आणि तोंड फिरवलं. हातानेही ओढाताण केली नाही, शांत पडून राहिला. पाचिको बराच वेळ कुऱ्हाड धरून उभा होता. मग ती खाली टाकून गोठ्यात गेला. तिथे तो रडत होता, ते मला ऐकू आलं.

वसंतात मला दिवस गेले. तेव्हापासून भावोजी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसू लागले. माझ्याशी बोलायचं झालं तर दारातूनच बोलायचे, डावा हात सदऱ्यात खुपसून. पण परवा बाहेर दाराला लागून असलेल्या बाकावर ऊन खाता खाता त्यांचा डोळा लागला. मी शेंगा सोलत हातभर अंतरावर उंबऱ्यात बसले होते. उठून आत जायला हवं होतं. अंग जड झालंय, वेळ लागतो.

हात सदऱ्यातून बाहेर आला. घाई नव्हती त्याला. माझ्या पोटावर टेकला, उबदार, ओळखीच्या माणसाचा असावा तसा. बोटाने हलकेच दोन ठोके मारले आणि तो थांबला.

आतून बाळाने दोन लाथा मारल्या. अगदी त्या जागेत.

भावोजी जागे झाले. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मग खाली पाहिलं. हात मागे ओढायला त्यांनी उजव्या हाताने मनगट धरलं, सगळा जोर लावला. तो हलला नाही.

त्याने पुन्हा दोन ठोके मारले. या वेळी जागा जरा जास्त सोडली.