विसावी मुलगी

तौसीफ, दार लोटून घे आणि गप बस. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. आमच्या जोतीराम सरांच्या बाबतीत घडलेली आहे.

सर मंगळवार पेठेजवळच्या एका खाजगी महिला महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचे. अकरा वर्षं तासिकेवर, कायम करायचं नुसतं गाजर. गेल्या जूनमध्ये संस्थेनं सुनावलं, वीस मुली भरल्या तर वर्ग चालेल, नाहीतर तुम्ही मोकळे. एकोणीस झाल्या होत्या. मग काय, माहितीपत्रकं काखोटीला मारून सर गगनबावड्याकडच्या वाड्या पालथ्या घालू लागले.

चोवीस तारीख, मंगळवार, अमावस्येची आदली रात्र. साडेसात वाजलेले, वाडीतली वीज गेलेली. दिवसभरात एकही मुलगी मिळाली नव्हती. सर हताश होऊन परत फिरले, तोच शेवटच्या घरातून हाक आली.

"कॉलेजचं सर न्हवं? मलाबी सांगा की."

दार बंद होतं. पोरगी लाजत असेल, म्हणून सरांनी बाहेर उभं राहूनच पाठ झालेलं सगळं म्हणून दाखवलं. मोठं ग्रंथालय, नाटकाला रंगमंच, आवडीचे विषय निवडायची मुभा, आवारातच वसतिगृह.

"वसतिगृहाला कडी आतनं असती का भायरनं?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"आतून."

"तर मी येतो, सर. अर्ज सरकवा आत."

विसावी! सरांना इतका आनंद झाला की अर्जाबरोबर पेनही दाराखालून सरकवलं. अर्ज भरून बाहेर आला. तो खिशात घालताना मोबाइलचा उजेड दारावर पडला. बाहेरून कुलूप. गंजलेलं.

"हे... कुणी लावलं?"

"आप्पांनी. तुमी काढा की."

सरांनी ओढलं. दगड घातला. बोटं सोलली. कुलूप हललं नाही. आतून दार ढकललं जात होतं...

"सर... जाऊ नगासा..."

"पावणं!" मागं बॅटरी घेऊन शेजारची म्हातारी उभी, चिमणाबाई. "कुणासंगं बोलताय? रिकामं घर हाय ते."

"आत मुलगी आहे हो!"

"व्हती. संयोगिता. शिकायला जातो म्हणली, तर बानं कोंडून घातली. तापात गेली. चार वर्सं झाली." म्हातारीनं मान खाली घातली. "तीन दिस हाका मारत व्हती. आमी समदी ऐकत व्हतो की... कोण उठलं न्हाय."

सरांनी दाराला कान लावला. आतला आवाज थांबला होता.

वर्ग बंद पडला. सर घरी बसले. वाईट वाटतं रे, भला माणूस. अजून आपल्या हातांकडे बघत म्हणतात, उघडायला हवं होतं.

तो अर्ज मी या डोळ्यांनी पाहिलाय. तिचं नाव, गाव, बारावीचे गुण, सगळं सुवाच्य अक्षरात. आणि खाली पालकाची सही. सरांनी त्यावर सही केली नव्हती, वाडीत कुणालाही आपलं नावही सांगितलं नव्हतं. तरी सही त्यांचीच होती, खालच्या दोन टिंबांसकट.