बेंबी सरकलेली नव्हती

"हात लावू नको त्याच्या पोटाला!" मी तिसऱ्यांदा ओरडले.

"बेंबी सरकली आहे, मथुराबाई. बसवली की पोरगं उठून बसते," गावात पोटं चोळून देणारा चंपत म्हणाला आणि त्यानं खोबरेलाची वाटी चुलीवरून उतरवली.

पोरांनो, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. गेल्या चैत्रातली अमावास्या, रात्रीचे सव्वाअकरा. गुडीहत्नूरच्या रस्त्यावर उद्धवरावांचं घर, मी शेजारीण. त्यांचा करण मोटारसायकलवरून पडला होता. हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली बसलं. जखम नाही, रक्त नाही. म्हणून सगळे निवांत!

मी शाळेची पायरी चढले नाही. पण वीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीची फरशी पुसली ती कान उघडे ठेवून. आतडं फाटलं की पोट लाकडासारखं कडक होतं. लिव्हर नाही तर पानथरी, डॉक्टर स्प्लीन म्हणतात ती, फुटली, की रक्त आतल्या आत साचतं, बाहेर थेंब दिसत नाही. करण पांढराफटक पडला होता. घाम गार. नाडी धावत होती. आणि दुखत काय होतं, तर डावा खांदा. ज्याला मार लागलाच नव्हता तो!

"पानथरी फुटली आहे. गाडी काढा, आदिलाबादला न्या."

"काऊन भेव घालून राह्यल्या?" उद्धवराव खेकसले. "फरशी पुसून कोणी डॉक्टर होते काय?"

मग मीही सोडलं नाही. "चंपत, तुझ्या देवकाबाईलाबी असंच चोळलं होतं ना रे?"

देवकाबाई त्याची बायको. कापसाच्या ट्रॅक्टरवरून पडली. यानं तिची बेंबी बसवली. पहाटे गेली. त्याला तीन वर्षं झाली.

चंपतनं वाटीत बोटं घातली...

बोटं आत जाईनात.

आत्ता चुलीवरून उतरवलेलं तेल. चैत्राचा उकाडा. आणि वाटीत थिजून पांढरा दगड.

कोणी हललं नाही.

करण वाचला. पानथरी काढावी लागली, पण वाचला. मात्र गाडी माझ्या सांगण्यानं निघाली नाही, याची चीड अजून जात नाही. घसा फोडून सांगत होते मी, जिवंत बाई!

दाराला आतून कडी होती. चंपतच्या मागं कोणी नव्हतं. तरी तिथूनच आवाज आला... हळू, दमलेला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांनी ओळखला.

"अहो, त्याचं राहू द्या... माझंच पोट अजून दुखून राह्यलं."