पडणं टाळलं, एकतीस वेळा

तोलपट्टा आला आणि इचलकरंजीत माणसं पडायची थांबली. पायरी चुकलेली आजी असो, ओल्या न्हाणीत घसरलेले सासरे असोत, कुणीही धाडकन खाली येईना. हाडांच्या दवाखान्यातले बाक ओस पडले. पट्टा कमरेचा, चार बोटं रुंद, आत दोन भिंगऱ्या सतत गरगरत असलेल्या. अंगाचं सगळं वजन जिथे एकवटतं तो गुरुत्वमध्य पावलांच्या चौकटीबाहेर जायला लागला, की पाव सेकंदात भिंगऱ्या कलायच्या आणि माणसाला सरळ करायच्या. ज्याचं त्याला कळायचंही नाही. कमरेशी बारीक गुणगुण तेवढी व्हायची.

तृप्ती मगदूमला आता सवयीने ती गुणगुणही ऐकू येत नसे. तीन वर्षांपूर्वी एका तापाचं निमित्त झालं आणि डाव्या कानातली तोल सांभाळणारी नस गेली. उभं राहिलं की जमीन डावीकडे सरकायची. सहा महिने बाईने भिंती धरून काढले. मग पट्टा मिळाला आणि ती चालायला लागली. नुसती चालून थांबली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, पण ही पन्नाशीत चाकांचे बूट घालून रोलर डर्बी खेळायला लागली.

त्या दिवशी दुपारी बूट खांद्यावर टाकून ती जिना उतरत होती. खालच्या मजल्यावर खोतकाकू दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"निघालीस धक्के खायला?"

"निघाले. अण्णा बरे आहेत ना?"

"ठणठणीत. पण पट्टा घातल्यापासनं ताठलेत बघ. आधी टीव्ही बघता बघता माझ्या खांद्यावर मान टाकून घोरायचे. आता सोफ्यावर समई ठेवल्यागत बसतात. म्हातारपणी माणूस देवाकडं झुकतो म्हणतात. हे कुणाकडंच झुकेनात."

तृप्ती हसली आणि पुढे गेली. तिच्या डोक्यात दुसराच घोर होता.

खेळायची जागा म्हणजे बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड. माग भंगारात गेले, फरशी गुळगुळीत राहिली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने लंबगोल धावपट्टी आखलेली. खेळ तसा सोपा. एका संघात पाच जणी. एकीच्या शिरस्त्राणावर चांदणी. तिने समोरच्या चौघींच्या भिंतीतून वाट काढून फेरी मारायची आणि मागं टाकलेल्या प्रत्येकीचा एक गुण मिळवायचा. जगात तिला जॅमर म्हणतात. इचलकरंजीत तिला धोटा म्हणायला लागले, कारण मागावरचा धोटा धाग्यांमधून असाच सुसाट जातो. आणि भिंत म्हणजे चौघींनी एकमेकींना खांदा, पाठ, कुल्ला घट्ट लावून वजन एकमेकींवर टाकायचं. भिंतीत एकटीच्या पायावर उभं राहायचं नसतं, हा खेळाचा पहिला धडा.

रविवारी मिरजेच्या संघाशी सामना होता. भिंतीत कोण उभं राहणार ते रुबीना मुल्लाणी आज ठरवणार होती. रुबीना त्यांची प्रशिक्षक आणि पेशाने जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारी. संघात कुणाचा पट्टा कुरकुरला तरी तीच उघडून बसायची.

तृप्तीला जागा हवी होती ती सामन्यासाठी कमी आणि डाव्या हाताच्या बाईसाठी जास्त. डाव्या हाताला सुवर्णाक्का उभी राहायची. तिची सख्खी थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्यानंतर अक्का तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'बरं' आणि 'हो'. का, ते तृप्तीने विचारलंही नव्हतं. उत्तराची भीती वाटायची. अक्का डर्बी खेळते हे कळल्यावर ती मुकाट्याने संघात आली. निदान खांद्याला खांदा लावून तरी उभं राहता येईल, एवढाच तिचा हिशेब होता.

पण तो खांदाच लागत नव्हता. रुबीना चांदणी लावून आली, भिंतीवर आदळली आणि दोघी बहिणींच्या मधून सटकली. पुन्हा आली, पुन्हा तिथूनच गेली. सहा वेळा झालं, दहा वेळा झालं. अक्का घामाघूम होऊन बाजूला झाली.

"हिला भिंतीत घेऊ नकोस, रुबीना. ही अंगच सोडत नाही. खांबाला टेकल्यासारखं वाटतं."

"अक्का, मी टेकते गं. मुद्दाम करते होय?"

"तेव्हाही टेकली नव्हतीस."

बाकीच्या दोघी पाणी प्यायच्या निमित्ताने लांब गेल्या. तेव्हा म्हणजे कधीचं, ते तिला कळलं होतं.

रुबीना मात्र भलतीकडेच बघत होती. धागा तुटला की विणणाऱ्याला बोल लावण्याआधी माग उघडून बघायचा, हे तिला बापाने शिकवलेलं. "तृप्तीताई, जरा पट्टा द्या," असं म्हणून तिने तृप्तीला बाकावर बसवलं आणि पट्ट्याची नोंद टॅबवर उघडली.

"आज तुम्ही कितीदा झोकांडलात?"

"एकदाही नाही."

"मग हे काय? तासाभरात 'पडणं टाळलं', एकतीस वेळा." तिने बोट फिरवलं. "आणि दर वेळी डावीकडेच. दर वेळी आम्ही धडकायच्या ऐन आधी."

तिघी त्या ओळींकडे बघत राहिल्या. मग रुबीना सावकाश म्हणाली, "तुम्ही अक्कांवर वजन टाकायला जाता. गुरुत्वमध्य पावलांबाहेर जातो. पट्ट्याला वाटतं, बाई पडली. तो तुम्हाला उभं करतो. त्याच्या लेखी टेकणं म्हणजे पडणंच."

अक्काने पुढे होऊन टॅब हातात घेतला. बोटाने मागं मागं जात राहिली, मागचा महिना, मागचं वर्ष, त्याच्याही मागं. अकरा ऑगस्ट. आईला नेलं तो दिवस. सकाळी दहा चाळीस ते अकरा. पडणं टाळलं. पडणं टाळलं. नऊ वेळा.

"मी तुला जवळ घेतलं होतं," अक्का म्हणाली. "तू काठीसारखी उभी होतीस. मला वाटलं, हिला रडायलासुद्धा मी नको."

"मला वाटलं, माझंच काळीज दगड झालंय. तुझ्या गळ्यात पडायचं होतं गं. होईचना."

अक्काने डोळे पुसले आणि टॅब परत दिला. रुबीनातली जॉबर मात्र स्वस्थ बसेना.

"एक करून बघूया? भिंगऱ्या बंद ठेवते, नोंद चालू. भिंतीत उभ्या राहा."

तृप्ती घाबरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्ट्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तरी ती पट्टा बांधून, परत आलेल्या दोघींसह भिंतीत उभी राहिली आणि रुबीनाने भिंगऱ्या बंद केल्या. गुणगुण थांबली, आणि थांबल्यावर ती इतके दिवस किती मोठी होती ते कळलं. जमीन लगेच डावीकडे निघाली.

"अक्का, मी पडणार बघ."

"पड की. नको कोण म्हणालंय?"

तृप्तीने अंग सोडलं. डावीकडे अक्काचा खांदा होता, घामाने ओला, गरम, हलका हलका श्वास घेणारा. तिने सगळं वजन त्यावर टाकलं. अक्का तसूभर मागे सरली आणि मग रोवून उभी राहिली. सरकणारी जमीन मंदावली आणि थांबली. रुबीना धावत येऊन आदळली. वाट मिळाली नाही. तीनदा आली, तीनदा परतली. चौथ्यांदा ती फरशीवर बसून हसायला लागली.

नोंद बघितल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. भिंगऱ्या चालू असताना तृप्ती जेवढी डुलायची, त्याच्या निम्मीच ती भिंगऱ्या बंद असताना भिंतीत डुलली होती. "कान गेला, पण कातडी आहे ना," रुबीना स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "शेजारचं माणूस पक्कं उभं असलं की मेंदू बहुतेक त्यालाच जमीन धरतो." अर्थात भिंत सुटल्यावर तृप्ती दोन पावलंही एकटी गेली नसती, हेही खरं होतं. पट्टा फेकून द्यायची सोय नव्हती. रविवारी भिंत बांधल्यावर तो बंद करायचा आणि सुटायच्या आधी चालू करायचा, असं ठरलं. बटण अक्काच्या हाताशी राहणार होतं.

"कंपनीला कळवायला पाहिजे," रुबीना म्हणाली. "पण सुधारा म्हणून सांगायचं तरी कसं? पहिल्या पाव सेकंदात पडणं आणि टेकणं अगदी सारखंच दिसतं. पलीकडच्यानं धरलं तर टेकणं, नाही धरलं तर पडणं. यंत्राला ते आधी कळायचं कसं?"

"माणसाला तरी आधी कुठं कळतं?" अक्का म्हणाली.



त्याच संध्याकाळी, दोन वर्षांत पहिल्यांदा, अक्का तृप्तीकडे चहाला आली. जिन्यात दोघी थांबल्या. खोतकाकूंची मेथी निवडून झाली होती. आत टीव्ही चालू होता आणि सोफ्यावर अण्णा पाठ ताठ ठेवून बसले होते. त्यांच्या कमरेशी बारीक गुणगुण चालली होती. आज ती तृप्तीला स्पष्ट ऐकू आली. गावात असे किती पट्टे असतील, आणि त्या त्या घरात कोण कुणाला 'ताठलाय' म्हणत बसलं असेल, ते मोजायची तिला हिंमत झाली नाही.

"काकू," तिने दारातूनच विचारलं, "अण्णा तुमच्या शेजारी बसतात, तेव्हा पट्टा काढून ठेवतात का हो?"